फुलीकाकांची चौदावी जागा

काकांचं खरं नाव ऑफिसात फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना फुलीसाहेब म्हणायचे. निवृत्त झाल्यावर साहेब गळून पडला, फुली राहिली, आणि गल्लीतल्या पोरासोरांनी त्यांना फुलीकाका करून टाकलं.

एका विमा कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी दाव्यांच्या फायली तपासल्या. माणूस मेला की त्याची फाईल त्यांच्या टेबलावर यायची. डाव्या हाताला माणसाने जिवंतपणी भरलेला अर्ज. उजव्या हाताला इस्पितळाचे कागद. मध्ये काका आणि लाल पेन्सिल. अर्जात ‘नाही’ लिहिलंय आणि इस्पितळाचा कागद ‘होय’ म्हणतोय, असं दिसलं की फुली. दावा नामंजूर. टेबलापुढे कुणी रडत उभं राहिलं तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. खरं काय ते कागदावर यायलाच हवं.

“साहेब, तुमच्या हातून देवसुद्धा सुटायचा नाही,” शिपाई म्हणायचा.

“त्याने अर्ज नीट भरला असेल तर सुटेल,” काका म्हणायचे. ते थट्टा करत नसत.

कुणाचा चहासुद्धा त्यांनी कधी फुकट घेतला नाही. नाकासमोर चालणारा माणूस. नाकाच्या बाजूला कोण उभं आहे, ते मात्र त्यांना फारसं दिसलं नाही.

स्कूबाचं वेडही त्यांना एका फायलीतूनच लागलं. निवृत्तीला तेव्हा चार वर्षं होती. पन्नाशीतला एक माणूस समुद्राखाली वारला होता. हृदय बंद पडलं. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो पुरावा म्हणून जोडलेले होते. काकांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. एक निळी भिंत. भिंतीला चिकटलेलं, पंख्यासारखं जाळीदार काहीतरी. एक कासव, फोटो काढणाऱ्याकडे ढुंकूनही न बघता निघालेलं. आणि शेवटचा फोटो. त्यात काहीच नव्हतं. नुसता वरून झिरपणारा उजेड.

त्या फायलीत एकही खोट नव्हती. सगळे ‘नाही’ खरे, सगळे ‘होय’ खरे. त्या वर्षभरात पेन्सिल टेकवायलाही जागा न देणारी ती एकच फाईल. माणूस गेला होता, पण कागद स्वच्छ होते. काकांना त्या माणसाचा हेवा वाटला.

फाईल मंजूर होऊन वर गेली. फोटो डोक्यात राहिले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी एक आलेखवही आणली. बाहेरच्या खोलीतल्या टेबलाच्या एका टोकाला ते बसायचे. दुसऱ्या टोकाला काकूंचं शिलाई मशीन. काकू घरीच शिवणकाम करायच्या. पॅन्टची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. “लोकांची पोटं वाढतात म्हणून आपलं पोट चालतं,” असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. कपडा मापाला लावताना ओठांत टाचण्यांची ओळ धरायची त्यांची सवय होती. तेव्हा त्या बोलू शकत नसत. मशीनवर बसल्या की मात्र कधीकधी काम नसतानाही टाचण्या ओठांत असायच्या.

वहीत काकांनी चौदा जागा लिहिल्या. जगभरातल्या, लोक बुड्या मारायला जातात त्या. पुढे रकाने आखले. कुठले महिने चांगले. प्रवाह किती. पाण्यात किती लांबचं दिसतं. खोली किती. बोटीला वेळ किती. आणि शेवटचा रकाना, जवळची दाबखोली.

“घाईघाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात,” काका काकूंना समजावून सांगत. “मग माणसाला एका बंद टाकीत घालून पुन्हा दाब द्यावा लागतो. ती टाकी सहा तासांच्या आत गाठता आली पाहिजे. ऐकतेस ना?”

काकू मान हलवत. ओठांत टाचण्या.

वर्षभर जागांची चौकशी चालली. एका ठिकाणी शार्कचे थवे दिसतात म्हणून लोक जीव टाकतात, पण तिथला प्रवाह माणसाला चिंधीसारखा ओढून नेतो. फुली. एका ठिकाणी बुडालेली युद्धनौका आहे, पण ती तीस मीटरवर. फुली. एका जागेचे फोटो पाहून काका दोन दिवस नीट जेवले नाहीत, इतकी ती सुंदर. पण दाबखोली विमानाने चार तास. फुली मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

तेरा जागा गेल्या. चौदावी उरली. एक लहानसं बेट, तिन्ही बाजूंनी बंद असलेली खाडी, पाणी स्थिर, आणि बारा मीटर खोलीवर एक जुनी, बुडालेली प्रवासी बोट. तिच्या कठड्यावर प्रवाळ उगवलेलं. आसपास कासवं. दाबखोली चाळीस मिनिटांवर, मोठ्या गावात.

“काका, ती बालवाडी आहे,” तरणतलावावरचा कोच म्हणाला. “तिथे नवशिके जातात.”

“बालवाडीत कुणी मरत नाही,” काका म्हणाले.

चौदा जागांना त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले होते. पंधरावा उमेदवार रोज वहीपुढच्याच खुर्चीत बसत होता. त्याला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

कोच हा तिशीतला, आडव्या खांद्यांचा, हसरा माणूस होता. पुस्तकातले धडे आणि तलावातला सराव त्याच्याकडे. पुढच्या चार बुड्या समुद्रात, निवडलेल्या जागी, तिथल्या केंद्रात. त्या झाल्या की प्रमाणपत्र. पण पहिल्याच दिवशी त्याने एक अट सांगितली.

“पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, काका. जोडीदार लागतो. एकमेकांची सामग्री तपासायची, एकमेकांवर नजर ठेवायची. तुमचा कोण?”

“बायको,” काका म्हणाले.

काकूंना हे संध्याकाळी कळलं.

“मला विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? श्वास घ्यायचा आणि सोडायचा. रोज घेतेसच की.”

“मला पाण्याची भीती वाटते, हे बत्तीस वर्षं सांगतेय.”

“मी आहे ना बरोबर.”

काकूंनी त्याच रात्री कापड बेतायला घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः शिवलेला गळाबंद पोशाख घालून तलावाच्या काठावर उभ्या होत्या, कठडा घट्ट धरून.

आणि मग सगळं उलटं झालं. काका पुस्तकात पहिले आले, पाण्यात शेवटचे. नळीतून ते असे श्वास ओढत की काठावरच्या लोकांना बुडबुडे पाहून वाटावं, खाली काहीतरी शिजतंय. त्यांचा सिलिंडर वीस मिनिटांत तळ गाठायचा.

“एवढा ऑक्सिजन...” काका वर येऊन धापा टाकत.

“ऑक्सिजन नाही हो काका, साधी हवा आहे ती. मिळतेय म्हणून ओरपू नका.”

काकू पहिले तीन दिवस घाबरल्या. चौथ्या दिवशी गुडघे तळाला टेकून बसल्या आणि बसूनच राहिल्या. तोंडात काहीतरी धरून गप्प राहायचं, हात सावकाश हलवायचे, नजर कामावर ठेवायची, हे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. कान दुखले की नाक दाबून हवा सोडायची, हे शिकवल्यावर त्या वर येऊन म्हणाल्या, “नाक दाबलं की तोंड उघडतं असं ऐकलं होतं. इथे कान उघडतात.” कोच इतका हसला की त्याच्या मास्कमध्ये पाणी गेलं.

“काकू, तुमची हवा संपतच नाही. सिलिंडर घरून भरून आणता का?”

काकांनाही हसू आलं. थोडंसंच.

एक सराव हवा संपल्याचा होता. जोडीदारापैकी एकाने गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, म्हणजे माझी हवा संपली. दुसऱ्याने लगेच आपल्याकडची जादा नळी त्याच्या हातात द्यायची. काकांनी तोंडातली नळी काढली, गळ्यावरून हात फिरवला. काकू समोर होत्या. काचेतून त्यांचे डोळे स्पष्ट दिसत होते. त्यांनी काकांकडे पाहिलं. दोन सेकंद. मग नळी दिली.

दोन सेकंद पाण्याच्या वर फार नसतात.

“काकू, तिथे विचार करायचा नसतो,” वर आल्यावर कोच म्हणाला.

“चुकलं,” काकू म्हणाल्या.

अर्जाची गोष्ट या सगळ्याच्या आधीची. काकू तलावावर आल्या त्या पहिल्या दिवशी कोचने दोघांना तब्येतीची प्रश्नावली दिली होती. एकाही प्रश्नाला ‘होय’ असेल तर डॉक्टरचं पत्र लागेल, असं तो म्हणाला. काकांनी सवयीप्रमाणे अर्ज आधी पूर्ण वाचला, मग पेन उघडलं. अकरावा प्रश्न फुप्फुसांचा होता. फुप्फुस कधी मिटलं होतं का? छातीत नळी घातली होती का?

काका अठ्ठावीस वर्षांचे असताना ऑफिसच्या जिन्यावर त्यांचं उजवं फुप्फुस मिटलं होतं. विनाकारण. फुगा बसतो तसं. छातीत नळी घालून त्यांना नऊ दिवस ठेवलं होतं. काखेच्या खाली अजून त्याची खूण होती. “काजाएवढी आहे,” नव्या नवरीपणी काकू म्हणाल्या होत्या. “बटण लावून देऊ का?”

अशा माणसाने पाण्याखाली जाऊ नये, हे पुस्तकात लिहिलं होतं. वर येताना छातीतली हवा फुगते. कमकुवत जागी अडकली तर फुप्फुस फाटतं. कुठलाही डॉक्टर पत्र देणार नव्हता. काकांना हे इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

पेन कुठे अडलं नाही. त्याचंच त्यांना नवल वाटलं. टेबलाच्या पलीकडे काकू आपल्या अर्जावर सही करत होत्या. त्यांची नजर एकदा काकांच्या कागदावरून गेली. त्या काही बोलल्या नाहीत. घरी जातानाही नाही.

बोलण्यासारखं खूप होतं. अकरा वर्षांपूर्वीचं.

काकूंचे थोरले भाऊ, दादा, चपलांचं दुकान चालवायचे. विमा उतरवताना ‘मागील पाच वर्षांत इस्पितळात दाखल होता का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. खरं म्हणजे छातीत दुखलं म्हणून दोन दिवस दाखल होते. ते कागद त्यांनी घरी येताच फाडून टाकले. दीड वर्षाने दादा दुकानातच गेले, एका गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेता घेता. फाईल काकांच्या टेबलावर आली.

नातेवाईकाची फाईल आपण तपासायची नसते. काकांनी ती वरिष्ठांकडे नेली. वरिष्ठ म्हणाले, “कागद स्वच्छ आहेत. सही कर आणि मोकळा हो.”

कागद स्वच्छच होते. ते दोन दिवस कुठल्याच कागदावर नव्हते. फक्त काकांना माहीत होते, कारण चहाचा थर्मास घेऊन तेच दादांना भेटायला गेले होते. काकांनी कोरा कागद घेतला आणि तारीखवार लिहिलं. ‘मी स्वतः भेटीस गेलो होतो.’ खाली सही. दादांच्या अर्जावर फुली.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, “तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं.”

“तुम्हाला कळून काय बिघडत होतं?”

“खरं काय ते कागदावर यायलाच हवं.”

काकूंनी ओठांत टाचण्या घेतल्या आणि मशीनवर बसल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वहिनींनी दुकान विकलं. आता त्या एका लॉजच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करतात. मनगटांवर इस्त्रीचे डाग आहेत. काकू दर रविवारी त्यांच्याकडे जातात. काका एकदाच गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, “भावोजी, माझ्याकडे आता खरं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.” आणि पाण्याचा पेला पुढे केला. काका पाणी पिऊन परत आले.

तर कोचच्या अर्जावर काकांनी ‘नाही’ लिहिलं. पण त्याच आठवड्यात दुसरा अर्ज समोर आला, बुडी मारणाऱ्यांसाठी असलेल्या खास विम्याचा. त्यातही फुप्फुसाचा प्रश्न होता. तिथे काकांचा हात अडला. विम्याच्या अर्जावर खोटं लिहायला त्यांचा हात तयारच होईना. शिवाय पुढचं सगळं त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. आपण गेलो, तर कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी टेबलावर, लाल पेन्सिलवाला एक माणूस आपली फाईल उघडेल. समोर काकू उभ्या असतील.

त्यांनी ‘होय’ लिहिलं. तारीख लिहिली, नऊ दिवस लिहिले. कंपनीने विमा दिला, पण चौथ्या पानावर एक ओळ घालून. ‘उजव्या फुप्फुसाच्या पूर्वीच्या आजारामुळे फुप्फुसासंबंधी कोणताही दावा ग्राह्य धरला जाणार नाही.’ काकांना ती ओळ योग्य वाटली. त्यांनीही तशीच घातली असती. फुप्फुस सोडून दुसऱ्या कशाने मेलो, तर काकूंना कुणी अडवणार नाही, एवढं त्यांनी पाहिलं.

मग सगळे कागद फाईलमध्ये लावले. क्रमांक टाकले. वर अनुक्रमणिका.

बेटावर ते सकाळी पोचले. केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. भिंतीवर ओले पोशाख टांगलेले, जमिनीवर सगळीकडे पाणी, फळ्यावर खडूने बोटींच्या वेळा. प्रमुख बाई चाळिशीच्या, उन्हाने नाकाची सालं निघालेल्या. त्यांनी दोघांना नवीन अर्ज दिले. प्रश्न तेच. काकांनी पुन्हा ‘नाही’ लिहिलं. दुसरी खेप सोपी गेली.

खिडकीतून खाडी दिसत होती. पाणी त्या फोटोतल्याइतकं निळं नव्हतं. थोडं हिरवट. काकांना ते त्या फोटोपेक्षा आवडलं, कारण ते खरं होतं आणि वीस पावलांवर होतं.

“विमा आहे ना?” बाईंनी विचारलं. “नंबर सांगा.”

नंबर काकांना तोंडपाठ होता. पण त्यांनी पिशवीतून फाईल काढली आणि दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

“काका, नुसता नंबर हवा होता.”

“सगळं जोडलंय. क्रमाने. अपुरे कागद मला चालत नाहीत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई हसत हसत पानं उलटू लागल्या. पहिलं पान, दुसरं. नंबर तिसऱ्या पानावर होता. तो उतरवून घेतला. फाईल मिटताना चौथं पान मध्ये आलं.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी ती ओळ वाचली. मग काकांचा अर्ज ओढून त्या ओळीच्या शेजारी ठेवला. डाव्या हाताला अर्ज, उजव्या हाताला विमा. काकांनी हे दृश्य एकतीस वर्षं पाहिलं होतं. टेबलाच्या या बाजूने कधी नाही.

“दोन्ही कागदांवर तुमचीच सही आहे,” बाई म्हणाल्या. “यातला खरा कुठला?”

“ते... त्यांच्याकडून झालं असेल,” काका म्हणाले. “टायपिंगची चूक.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा ऐकलं होतं. टायपिंगची चूक असेल, साहेब. विधवा म्हणायच्या, मुलगे म्हणायचे. दरवेळी त्यांना त्या माणसांची कीव यायची. इतकं साधं खोटं सुचतं कसं, असं वाटायचं. आता कळलं. दुसरं काही सुचतच नाही.

“अशा चुका होतात,” बाई म्हणाल्या. “पण इथे मला खात्री हवी. खाली काही झालं तर माझ्या हातात काही नसतं.” त्या काकूंकडे वळल्या. “काकू, तुम्ही यांच्या जोडीदार. तुम्ही सांगा. यांच्या फुप्फुसाचं असं काही झालं होतं का कधी? नसेल तर दोघांनी इथे लिहून सही करा. असेल तर यांना मी पाण्यात उतरवणार नाही. आजही नाही, कधीच नाही.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. गळ्यावरून हात फिरवला नाही, एवढंच.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन सेकंद.

“नऊ दिवस इस्पितळात होते,” काकू म्हणाल्या. “मी दोन्ही वेळचा डबा नेत होते.”

“अगं...”

“खरं काय ते कागदावर यायलाच हवं,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दोरा तोडावा तशा म्हणाल्या.

बाईंनी काकांच्या अर्जावर फुली मारली. निळ्या बॉलपेनने.

“वाईट वाटून घेऊ नका, काका. जीव वाचला तुमचा.” मग जरा थांबून, “काकू, तुमचं काय?”

“ती एकटी नाही जायची,” काका म्हणाले. “घाबरते.”

“येते मी,” काकू म्हणाल्या, आणि आपली पिशवी उचलली.

काकांना बोटीवर बसायला मनाई नव्हती. ते बसले, दोन्ही बूट हातात धरून, कारण तळाला पाणी होतं. काकूंचा पट्टा कुणीतरी दुसऱ्यानेच तपासला. बोटीवरचा प्रशिक्षक, एक काळासावळा, दाढीवाला गडी, काकूंना म्हणाला, “चला, मी तुमचा जोडीदार.” काकू काठावर बसल्या, एक हात मास्कवर ठेवला आणि पाठमोऱ्या पाण्यात पडल्या. काकांचं नाव घेतलं नाही. तोंडात नळी होती म्हणा.

बोटीवरचे बाकीचे लोक आधीच उतरून पुढे गेले होते. मग नुसते बुडबुडे. दोन ओळी. एक जाड, एक बारीक. बारीक काकूंची, हे काकांना कुणी सांगायला नको होतं.

खाली काय आहे, याचा नकाशा त्यांना पाठ होता. पाच मिनिटांनी प्रवाळाचा उतार. बाराव्या मिनिटाला बोटीचा कठडा. मग डावीकडून वळसा, दारापाशी कासवं असतात. ते घड्याळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात बायकोच्या डोक्यावरून चालत होते. आता कठडा. आता वळसा. चाळीस मिनिटांनी बाकीचे लोक वर आले, हवा संपली म्हणून. बुडबुड्यांच्या त्या दोन ओळी सावकाश फिरत राहिल्या. बावन्नाव्या मिनिटाला काकूंचं डोकं पाण्यावर आलं.

त्या हसत होत्या. मास्कचा वळ उमटलेला तो चेहरा काकांना क्षणभर ओळखू आला नाही. मग काकूंनी त्यांना पाहिलं, आणि हसू घडी घालून ठेवलं.

“काय दिसलं?” काकांनी विचारलं.

“होतं सगळं. तुमच्या वहीत होतं तसंच.”

“कासव?”

“कासव तर यांची ओळखच काढत होतं,” दाढीवाला म्हणाला. “वाटलं, काकू आता त्याला मापाला उभं करतात.” आणि काकू पुन्हा हसल्या, त्याच्याकडे बघून.

दोन दिवसांत काकूंच्या चार बुड्या झाल्या. चारही वेळा काका बोटीवर होते. खोलीत बसण्यापेक्षा ते बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते बरं नव्हतं.

शेवटच्या दिवशी, ऊन उतरताना, दोघं धक्क्याच्या पायरीवर बसली होती. काकूंचे केस ओले होते. काकांनी बराच वेळ जुळवाजुळव केली.

“विम्याच्या अर्जावर मी खरं का लिहिलं, माहीत आहे?”

“का?”

“मला काही झालं असतं तर तुला कुणी टेबलापुढे उभं करून परत पाठवू नये म्हणून. वारस म्हणून तुझं नाव आहे.”

काकू पाण्याकडे बघत होत्या. “आणि दादाने खोटं का लिहिलं होतं, ते माहीत आहे?”

काकांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं.

“खरं लिहिलं असतं तर कंपनीने त्याला दारातही उभं केलं नसतं. तुम्हीच सांगितलं होतंत मला हे. त्यालाही वहिनीचीच काळजी होती.” त्या उठल्या. “तुमचं खरं आणि त्याचं खोटं, दोन्ही बायकांसाठीच होती. वहिनी चादरी इस्त्री करतेय. मी आत्ता कासव बघून आले.”

गोड्या पाण्याची टाकी जवळच होती. काकूंनी आपला मास्क त्यात दोनदा खळबळून धुतला. काकांचा मास्क कोरडाच होता. तो तसाच पिशवीत टाकला.

काकूंचं प्रमाणपत्र महिन्याभराने टपालाने आलं. तोवर घर पूर्वीसारखं झालं होतं, म्हणजे वरून. काकांची आलेखवही टेबलावरून काकूंच्या बाजूला सरकली होती. एका सकाळी काकूंनी वही उघडी ठेवूनच विचारलं, “या सातव्या जागेवर फुली का?”

“प्रवाह आहे. तुला झेपायचा नाही.”

“कासवं आहेत का?”

“आहेत.”

काकूंनी लाल फुली खोडली नाही. तिच्याभोवती खडूने एक गोल केला, कापडावर करतात तसा. मग फोन उचलला. “वहिनी, तू लहानपणी नदीत पोहायचीस ना? ...अगं, चेष्टा नाही करत. रविवारी ये, सांगते.”

रविवारी वहिनी आल्या. पहिल्यांदाच. काका घरात नाहीत अशा वेळी. काका परतले तेव्हा वहिनी निघून गेल्या होत्या आणि टेबलावर दोन पेले होते.

काकू काम करत होत्या. टेबलावर काकांचा पाण्यात घालायचा सूट पसरला होता, अंगभर, पातळ, काळा. त्यांनी तो हौसेने विकत घेतला होता, तलावात घालून सराव केला होता, समुद्राचं पाणी त्याला लागलंच नव्हतं. खांद्यांवर खडूच्या खुणा होत्या. आत घ्यायच्या. कमरेत मात्र उसवून सैल केलेला. काकांना माप ओळखायला वेळ लागला नाही.

ते खुर्चीवर बसले. महिनाभर तोंडाशी येऊन मागे गेलेला प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. टेबलापुढे उभी राहणारी माणसं विचारायची, तशा आवाजात.

“त्या दिवशी तू बोललीस. ते मला वाचवायला, की दादासाठी?”

मशीन थांबलं. काकूंनी मान वर केली. त्यांच्या ओठांत टाचण्यांची पूर्ण ओळ होती. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका मोजत होते. एक. दोन. तीन. चार.

मग काकूंनी बोटाने ओठांकडे खूण केली, आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.